पतधोरणाच्या बातमीतील इंग्रजी शब्द : अर्थ, छटा आणि सापळे

भारतीय रिझर्व्ह बँकेचे द्वैमासिक पतधोरण जाहीर झाले की दुसऱ्या दिवशीच्या इंग्रजी वृत्तपत्रांत एक विशिष्ट शब्दसंभार दिसतो. रेपो दर 'होल्ड' केला, भूमिका 'न्यूट्रल' राखली, 'कोअर' चलनवाढ 'स्टिकी' आहे, 'अपसाइड रिस्क' कायम आहेत, अशी ती वाक्ये असतात. प्रत्येक शब्द सुटा पाहिला तर सोपा वाटतो. 'होल्ड' म्हणजे धरणे आणि 'स्टिकी' म्हणजे चिकट, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तरीही संपूर्ण वाक्याचा अर्थ अनेक सुशिक्षित वाचकांच्या हातून निसटतो. कारण या क्षेत्रात नेहमीच्या शब्दांना नेमके, तांत्रिक आणि पुष्कळदा अनपेक्षित अर्थ चिकटलेले आहेत.

हे अर्थ जाणून घेण्याची गरज केवळ स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांना किंवा बँक अधिकाऱ्यांनाच आहे असे नाही. गृहकर्जाचा हप्ता, मुदत ठेवीवरील व्याज, निवृत्तिवेतनातून होणारी खरेदी या साऱ्यांचा संबंध या शब्दांशी येतो. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य मानकाशी जोडणे बंधनकारक झाले. तेव्हापासून तर पतधोरणाच्या निवेदनातील एक वाक्य आणि कुटुंबाचे मासिक अंदाजपत्रक यांतील अंतर बरेच कमी झाले आहे. अशा वेळी शब्दाचा अर्थ चुकला तर निर्णयही चुकू शकतो.

'इन्फ्लेशन' : एका शब्दाचे तीन प्रतिशब्द

'इन्फ्लेशन' हा शब्द फुंकर घालून फुगवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आला आहे. एकोणिसाव्या शतकात अर्थविषयक लेखनात तो प्रामुख्याने चलनासाठी वापरला जाई. सोन्याचांदीच्या आधाराविना कागदी नोटांचे प्रमाण वाढले की चलन 'फुगले' असे म्हटले जाई. पुढे या कारणापेक्षा त्याच्या परिणामाला, म्हणजे किमतींच्या वाढीला, हा शब्द लागू झाला आणि आज तोच अर्थ रूढ आहे.

मराठीत या शब्दासाठी चलनवाढ, भाववाढ आणि महागाई असे तीन शब्द चालतात. त्यांपैकी 'चलनवाढ' या शब्दात इंग्रजीतील जुना अर्थ जसाच्या तसा टिकून राहिला आहे. त्यामुळे चलनवाढ म्हणजे केवळ नोटांची छपाई वाढणे, असा समज काही वाचकांचा होतो. प्रत्यक्षात किमती कशामुळेही वाढोत, पाऊस लांबल्यामुळे, खनिज तेल महागल्यामुळे अथवा मागणी वाढल्यामुळे, सर्वसाधारण किमतींची पातळी सातत्याने चढत असेल तर ती 'इन्फ्लेशन' ठरते. 'महागाई' हा शब्द याहून सैल आहे. तो किमतीच्या पातळीलाही लागतो आणि वाढीच्या वेगालाही लागतो. गैरसमजाचे मूळ नेमके येथेच आहे.

पातळी आणि वेग

'इन्फ्लेशन इजेस' असा मथळा वाचून 'महागाई कमी झाली' असा अनुवाद केला जातो आणि मग बाजारात भाजीचा भाव विचारणाऱ्या गृहिणीला ती बातमी थट्टा वाटते. इंग्रजी मथळ्याचा अर्थ एवढाच असतो की किमती वाढण्याचा वेग मंदावला. समजा, एखाद्या कुटुंबाच्या ठराविक खरेदीला पहिल्या वर्षी १०० रुपये लागत होते, दुसऱ्या वर्षी ११० रुपये लागले आणि तिसऱ्या वर्षी ११२. दुसऱ्या वर्षीचा चलनवाढीचा दर १० टक्के, तर तिसऱ्या वर्षीचा सुमारे १.८ टक्के. दर झपाट्याने उतरला, परंतु पिशवी मात्र पूर्वीपेक्षा महागच राहिली. या स्थितीला इंग्रजीत 'डिसइन्फ्लेशन' असे नाव आहे. गाडीचा वेग कमी झाला तरी ती पुढेच जात असते, तसा हा प्रकार होय.

तिसऱ्या वर्षी तीच खरेदी १०८ रुपयांत झाली असती, तर मात्र ते 'डिफ्लेशन' ठरले असते. किमतींची पातळीच खाली येणे हा त्याचा अर्थ. थोड्याशा फरकाने अर्थ बदलणाऱ्या या दोन शब्दांची गल्लत सर्वाधिक होते. 'डिफ्लेशन'साठी मराठीत 'स्वस्ताई' हा शब्द सहज सुचतो, पण तोही जपून वापरावा लागतो. स्वस्ताईत आनंदाची छटा आहे. अर्थशास्त्रज्ञांना 'डिफ्लेशन'ची धास्ती वाटते, कारण किमती आणखी उतरतील या अपेक्षेने ग्राहक खरेदी लांबणीवर टाकतात, कारखान्यांची विक्री घटते आणि रोजगार संकटात येतो. 'रिफ्लेशन' हा तिसरा शब्द मंदीच्या काळात सरकार किंवा मध्यवर्ती बँक मुद्दाम मागणीला आणि किमतींना उभारी देते, त्या धोरणासाठी योजला जातो.

याच गटात 'बेस इफेक्ट' येतो. चलनवाढीचा दर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. गेल्या वर्षी किमती असाधारण चढलेल्या असतील, तर यंदाची वाढ लहान दिसते. गेल्या वर्षी त्या उतरलेल्या असतील, तर साधी वाढही मोठी भासते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतातील किरकोळ चलनवाढीचा दर ०.२५ टक्के इतका खाली आला. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या मालिकेतील तो नीचांक होता. खाद्यपदार्थांच्या उतरलेल्या किमती आणि सप्टेंबर २०२५ मधील वस्तू व सेवा कराच्या दरकपातीबरोबरच या 'बेस इफेक्ट'चाही त्यात वाटा होता. असा आकडा वाचताना यंदाच्या किमतींइतकेच गेल्या वर्षीच्या किमतींकडेही लक्ष द्यावे लागते.

कोणता निर्देशांक, कोणती चलनवाढ ?

'सीपीआय' म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक आणि 'डब्ल्यूपीआय' म्हणजे घाऊक किंमत निर्देशांक. हे दोन्ही आकडे एकाच दिशेने जातील असा नियम नाही. २००९ च्या जून महिन्यात घाऊक निर्देशांकावर आधारित दर शून्याखाली गेला होता. त्याच वर्षी जून ते ऑगस्ट या काळात औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक ९ ते १२ टक्क्यांनी चढत होता. एकाच देशात एकाच वेळी 'डिफ्लेशन'ची चर्चा आणि घरोघरी महागाईची तक्रार, असे विचित्र चित्र त्यातून निर्माण झाले. डॉ. ऊर्जित पटेल समितीने जानेवारी २०१४ मध्ये दिलेल्या अहवालानंतर रिझर्व्ह बँकेने ग्राहक किंमत निर्देशांक हाच धोरणाचा मुख्य मापदंड मानला.

'हेडलाइन इन्फ्लेशन' म्हणजे निर्देशांकातील सर्व वस्तू व सेवा धरून काढलेला दर. त्याचा वृत्तपत्राच्या मथळ्याशी शब्दशः संबंध जोडण्याचे कारण नाही. 'कोअर इन्फ्लेशन' म्हणजे त्यातून खाद्यपदार्थ आणि इंधन वगळून उरणारा दर. मराठीत त्याला गाभ्याची किंवा मूळ चलनवाढ म्हणतात. हे घटक वगळण्यामागे ते बिनमहत्त्वाचे आहेत असा हेतू नसतो. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव काही आठवड्यांत दुप्पट होऊन पुन्हा निम्म्यावर येऊ शकतो. व्याजदर वाढवून कांद्याचे पीक वाढत नाही. म्हणून अशा 'व्होलटाइल', म्हणजे अतिचंचल, घटकांना बाजूला ठेवून किमतींचा टिकाऊ कल पाहिला जातो. अर्थात भारतात या वगळण्यावर आक्षेपही घेतला जातो आणि तो निराधार नाही. २०१२ च्या मालिकेत खाद्यपदार्थ व पेये यांचे वजन ४५.८६ टक्के होते. ज्या खर्चाचा वाटा निम्म्याच्या जवळ जातो, तो वगळून काढलेला आकडा सामान्य कुटुंबाला परका वाटणे स्वाभाविक आहे.

कारणांनुसारही शब्द बदलतात. मागणी पुरवठ्याच्या पुढे धावल्याने होणारी चलनवाढ 'डिमांड-पुल', तर उत्पादनखर्च वाढल्याने होणारी 'कॉस्ट-पुश'. आयात महागल्यामुळे देशात शिरणारी ती 'इम्पोर्टेड इन्फ्लेशन'. विकास खुंटलेला असताना किमती चढत राहणे याला 'स्टॅगफ्लेशन' म्हणतात. ब्रिटिश राजकारणी इयन मॅक्लिऑड यांनी १९६५ मध्ये संसदेतील भाषणात वापरलेला हा जोडशब्द १९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर जगभर रूढ झाला. 'हायपरइन्फ्लेशन' हा शब्द मात्र सरसकट वापरण्याचा नाही. अर्थशास्त्रज्ञ फिलिप केगन यांनी १९५६ मध्ये महिन्याला ५० टक्क्यांहून अधिक वाढ अशी त्याची मर्यादा घातली. १९२३ मधील जर्मनी आणि २००८ मधील झिम्बाब्वे ही त्याची ठळक उदाहरणे. दोन अंकी दराला 'हायपर' म्हणणे ही अतिशयोक्ती ठरते.

टक्का आणि बेसिस पॉइंट

चलनवाढीचा दर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला, तर तो किती वाढला? 'एक टक्का' असे उत्तर सहज दिले जाते. काटेकोर इंग्रजीत ही वाढ एका 'पर्सेंटेज पॉइंट'ची आहे. मूळ ४ च्या तुलनेत पाहिले तर ती २५ टक्के आहे. हा घोळ टाळण्यासाठी 'बेसिस पॉइंट' हे एकक वापरतात. १०० बेसिस पॉइंट म्हणजे एक पर्सेंटेज पॉइंट. २५ बेसिस पॉइंटला मराठीत पाव टक्का आणि ५० ला अर्धा टक्का म्हणण्याची पद्धत सोयीची आहे. तथापि मे २०२२ मध्ये रेपो दर ४० बेसिस पॉइंटने आणि डिसेंबर २०२२ मध्ये ३५ बेसिस पॉइंटने वाढवला गेला. अशी वाढ पाव, अर्धा, पाऊण या मापांत बसत नाही. तेथे इंग्रजी एककच उपयोगी पडते.

हे लहान आकडे व्यवहारात लहान राहत नाहीत. ३० लाख रुपयांचे २० वर्षे मुदतीचे कर्ज ८.५ टक्के दराने घेतले तर मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये बसतो. दर ९ टक्के झाला तर तो सुमारे २६,९९२ रुपये होतो. ५० बेसिस पॉइंटचा फरक महिन्याला साडेनऊशे रुपयांहून अधिक पडतो. अनेक बँका हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात. तेव्हा हा भार नजरेस पडत नाही, पण तो नाहीसा होत नाही.

ठेवीदारासाठी 'नॉमिनल' आणि 'रिअल' ही जोडी अधिक महत्त्वाची आहे. ठेवीच्या पावतीवर छापलेला दर 'नॉमिनल', म्हणजे नाममात्र असतो. त्यातून चलनवाढीचा दर वजा केला की स्थूलमानाने 'रिअल', म्हणजे वास्तव दर मिळतो. ७ टक्के व्याज आणि ६ टक्के चलनवाढ असेल तर ठेवीची क्रयशक्ती वर्षाला जेमतेम एका टक्क्याने वाढते. प्राप्तिकर धरला तर तेवढीही नाही. व्याजावर गुजराण करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाने मोठ्या नाममात्र दरावर समाधान मानावे की वास्तव दराकडे पाहावे, हा प्रश्न या एका विशेषणावर अवलंबून असतो.

रेपो आणि त्याचे नातेवाईक

'रेपो' हे 'रिपर्चेस' या शब्दाचे संक्षिप्त रूप. बँका आपल्याजवळील सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेला विकतात आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या किमतीला ते परत विकत घेण्याचे वचन देतात. व्यवहार विक्रीचा दिसला तरी ते तारण ठेवून घेतलेले अल्पमुदतीचे कर्जच असते. त्यावरील व्याज म्हणजे रेपो दर. उलट दिशेचा व्यवहार, म्हणजे रिझर्व्ह बँकेने बँकांकडून पैसे घेणे, हा 'रिव्हर्स रेपो' होय.

२०११ मध्ये सुरू झालेली 'मार्जिनल स्टँडिंग फॅसिलिटी' ही बँकांना तातडीच्या गरजेसाठी मिळणारी, रेपोहून महाग उसनवारी आहे. एप्रिल २०२२ मध्ये आलेली 'स्टँडिंग डिपॉझिट फॅसिलिटी' ही रिझर्व्ह बँकेने तारण न देता बँकांचे जादा पैसे ठेवून घेण्याची सोय आहे. त्या वेळी पहिलीचा दर रेपोच्या पाव टक्का वर आणि दुसरीचा पाव टक्का खाली ठेवण्यात आला. या दोन दरांमधील पट्ट्याला 'कॉरिडॉर' म्हणतात. बँकांनी ठेवींचा ठराविक भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख स्वरूपात ठेवणे म्हणजे 'कॅश रिझर्व्ह रेशो', मराठीत रोख राखीव प्रमाण. सरकारी रोखे, सोने वा रोकड यांत ठराविक भाग स्वतःजवळ राखणे म्हणजे 'स्टॅट्यूटरी लिक्विडिटी रेशो', अर्थात वैधानिक रोखता प्रमाण. जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रोख राखीव प्रमाण ४ टक्क्यांवरून चार टप्प्यांत ३ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. बातमीत 'लिक्विडिटी'ला चालना मिळेल असे म्हटले होते. 'लिक्विडिटी' म्हणजे येथे बँकव्यवस्थेत कर्ज देण्यास उपलब्ध असलेला मोकळा पैसा.

'ट्रान्समिशन' हा शब्द याच संदर्भात येतो. रेपो दरातील बदल कर्जदार व ठेवीदारापर्यंत झिरपण्याची ही प्रक्रिया. ती तत्काळ होत नाही, आणि या विलंबाला 'लॅग' म्हणतात.

भूमिका : ससाणा आणि कबूतर

पतधोरण समितीच्या निर्णयात दराइतकीच 'स्टान्स', म्हणजे भूमिका, महत्त्वाची मानली जाते. दर आज काय आहे हे निर्णय सांगतो, तर उद्या कोणत्या बाजूला झुकेल याचा इशारा भूमिका देते. 'अकोमोडेटिव्ह' म्हणजे विकासाला वाव देणारी उदार भूमिका. अशा वेळी दर वाढण्याची शक्यता नसते. 'न्यूट्रल' म्हणजे दोन्ही वाटा खुल्या. 'टाइटनिंग' म्हणजे पैशाची उपलब्धता आवळणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'कॅलिब्रेटेड टाइटनिंग', म्हणजे मोजूनमापून आवळणे, असा शब्दप्रयोग करण्यात आला. २०२२ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत 'विथड्रॉवल ऑफ अकोमोडेशन', म्हणजे दिलेली मोकळीक काढून घेणे, हे सूत्र चालले.

भूमिकेकडे दुर्लक्ष केले तर बातमीचा अर्थ उलटा लागू शकतो. जून २०२५ मध्ये रेपो दरात एकदम ५० बेसिस पॉइंटची कपात झाली. त्याच निवेदनात दोन महिन्यांपूर्वीच स्वीकारलेली 'अकोमोडेटिव्ह' भूमिका बदलून 'न्यूट्रल' करण्यात आली. कर्जदारांना कपात दिसली. पुढील कपातीला फारसा वाव उरला नाही, हा दुसरा संदेश शब्दांत होता.

भाष्यकार ज्यांना 'हॉकिश' म्हणतात ते चलनवाढ रोखण्याला अग्रक्रम देणारे आणि चढ्या दराचे समर्थक. 'डव्हिश' म्हणजे विकास व रोजगाराला झुकते माप देणारे आणि उतरत्या दराचे पुरस्कर्ते. युद्धखोर आणि शांततावादी गटांसाठी वापरली जाणारी ससाणा व कबूतर ही रूपके येथे आली आहेत. ही विशेषणे स्तुतिपर किंवा निंदापर नाहीत. 'हॉकिश पॉज' म्हणजे दर न बदलता, पण कठोर भाषा वापरून घेतलेला विराम.

क्रियापदांची शिडी

इंग्रजी अर्थवृत्तात चढउताराचे प्रमाण क्रियापदातूनच सांगितले जाते. दर किंचित चढला तर 'एज्ड अप' किंवा 'इंच्ड अप', हळूहळू सतत चढत राहिला तर 'क्रेप्ट अप', वेगाने चढला तर 'सर्ज्ड' वा 'सोअर्ड', आणि एकदम उसळून टोक गाठले तर 'स्पाइक्ड'. उतरण्याच्या बाजूला 'ईज्ड', 'मॉडरेटेड', 'कूल्ड' हे सौम्य शब्द, तर 'प्लंज्ड' हा कोसळण्याचा. चढ थांबून आकडा एका उंचीवर स्थिरावला तर 'प्लॅटोड'. मराठीत 'वाढला' व 'घटला' या दोनच क्रियापदांनी काम भागवले तर ही सारी प्रतवारी पुसली जाते. वास्तविक मराठीजवळ सरकला, वधारला, उसळला, भडकला, ओसरला, घसरला, कोसळला अशी तितकीच समृद्ध शिडी आहे. अनुवाद करताना तिचा उपयोग व्हावयास हवा.

दर बदलणाऱ्याच्या बाजूनेही असाच क्रम आहे. 'हाइक' म्हणजे वाढ, 'ट्रिम' म्हणजे छाटल्यासारखी थोडी कपात, 'स्लॅश' म्हणजे मोठी कपात. 'पॉज' म्हणजे तात्पुरते थांबणे आणि 'पिव्हट' म्हणजे धोरणाची दिशाच बदलणे. 'फ्रंट-लोडेड' म्हणजे नियोजित बदलाचा मोठा भाग सुरुवातीलाच उरकणे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला. त्यातील बहुतांश वाढ पहिल्या पाच महिन्यांतच झाली, ती 'फ्रंट-लोडेड' होती.

विशेषणांची पारखही आवश्यक आहे. 'एलिव्हेटेड' म्हणजे इच्छित पातळीहून वर असलेली. 'परसिस्टंट' म्हणजे हटता न हटणारी. 'स्टिकी' म्हणजे उतरण्यास नाखूश. 'एन्ट्रेंच्ड' म्हणजे मुळे धरलेली. 'बिनाइन' म्हणजे निरुपद्रवी. 'अँकर्ड एक्स्पेक्टेशन्स' हा शब्दप्रयोग नांगरावर बेतलेला आहे. पुढेही किमती मर्यादेतच वाढतील असा विश्वास लोकांना वाटत असेल, तर त्यांच्या अपेक्षा नांगरलेल्या आहेत असे म्हणतात. हा नांगर सुटला की कामगार अधिक वेतनवाढ मागतात, उत्पादक आधीच किमती वाढवतात आणि 'वेज-प्राइस स्पायरल', म्हणजे वेतन व किमती यांचे चढते चक्र, सुरू होण्याची भीती असते.

फसवे शब्द

'अपसाइड रिस्क' हा शब्द ऐकताना शुभ वाटतो. चलनवाढीच्या संदर्भात त्याचा अर्थ ती अंदाजाहून वर जाण्याचा धोका असा आहे, म्हणजे बातमी वाईट. विकासदराच्या बाबतीत 'डाउनसाइड रिस्क' तितकाच वाईट. 'लुक थ्रू' म्हणजे बारकाईने तपासणे नव्हे, तर तात्पुरत्या धक्क्याकडे जाणूनबुजून काणाडोळा करणे. 'बिहाइंड द कर्व्ह' म्हणजे कृती करण्यास उशीर झालेली मध्यवर्ती बँक. 'टॉलरन्स बँड' म्हणजे सहनशीलतेचा पट्टा. भारतात २०१६ मध्ये ४ टक्के हे लक्ष्य आणि २ ते ६ टक्के हा पट्टा ठरला आणि २०२१ मध्ये तो पुढील पाच वर्षांसाठी कायम करण्यात आला. सरासरी दर सलग तीन तिमाही या पट्ट्याबाहेर राहिला तर रिझर्व्ह बँकेने केंद्र सरकारला कारणे कळवावयाची, अशी कायद्यात तरतूद आहे. २०२२ मध्ये ती वेळ प्रथमच आली आणि ३ नोव्हेंबर रोजी समितीची खास बैठक झाली. 'सहा टक्क्यांपर्यंत चालते' असा या पट्ट्याचा अर्थ लावणे बरोबर नाही. लक्ष्य चारच असते.

एका शब्दाने किती गोंधळ होऊ शकतो याचे उदाहरण म्हणजे 'ट्रान्झिटरी'. २०२१ मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने तेथील चलनवाढीला हे विशेषण लावले. बँकेला त्यातून ती कायमचा ठसा उमटवणार नाही असे सुचवायचे होते. सामान्यांनी तिचा अर्थ ती लवकरच संपेल असा घेतला. अखेर ३० नोव्हेंबर २०२१ रोजी अध्यक्ष जेरोम पॉवेल यांनी हा शब्द निवृत्त करण्याची वेळ आल्याचे सिनेटच्या समितीपुढे मान्य केले. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला.

शब्द बाजार हलवतात याची उदाहरणेही कमी नाहीत. मे २०१३ मध्ये बेन बर्नान्के यांनी रोखेखरेदी हळूहळू घटवण्याचा, म्हणजे 'टेपर'चा, उल्लेख केला आणि उदयोन्मुख देशांतून भांडवल बाहेर पडू लागले. ऑगस्टअखेर रुपया डॉलरमागे ६८ च्याही पलीकडे घसरला होता. भविष्यातील धोरणाचे असे संकेत जाणीवपूर्वक देण्याला 'फॉरवर्ड गायडन्स' म्हणतात.

रूपकांचे दालन

कोरड्या समजल्या जाणाऱ्या या लेखनात रूपकांची रेलचेल असते. 'सॉफ्ट लँडिंग' म्हणजे मंदी न ओढवता चलनवाढ आटोक्यात आणणे. 'ओव्हरहीटिंग' म्हणजे अर्थव्यवस्था क्षमतेबाहेर तापणे. शक्तिकांत दास यांनी गव्हर्नर असताना एप्रिल २०२४ मध्ये चलनवाढीला हत्तीची उपमा दिली. तो खोलीतून बाहेर पडून जंगलाकडे परतत असल्याचे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच चलनवाढीचा घोडा झाला आणि तो तबेल्यात आणल्याचे सांगण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये रेपो दर ५.२५ टक्क्यांवर आणताना गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी 'गोल्डिलॉक्स' काळाचा उल्लेख केला. ही अस्वलांच्या इंग्रजी परीकथेतील मुलगी. तिला फार गरम किंवा फार गार नसलेली खीर आवडते. चढा विकासदर आणि अल्प चलनवाढ यांच्या दुर्मिळ मेळाला म्हणून हे नाव. कथा ठाऊक नसलेल्या वाचकाला शब्दकोशातून हा अर्थ उलगडत नाही.

अभ्यासाची पद्धत

या शब्दांची यादी पाठ करण्याचा फारसा उपयोग होत नाही. त्यांच्या जोड्या ध्यानात ठेवाव्यात. 'स्टिकी' बरोबर 'कोअर', 'अँकर्ड' बरोबर 'एक्स्पेक्टेशन्स', 'रिस्क' बरोबर 'इव्हनली बॅलन्स्ड' असे शब्द जोडीनेच येतात. त्यासाठी गव्हर्नरांचे निवेदन हे उत्तम पाठ्यपुस्तक आहे. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ते इंग्रजी व हिंदी दोन्ही भाषांत विनामूल्य मिळते. लागोपाठच्या दोन बैठकांची निवेदने शेजारी ठेवून कोणता शब्द बदलला, कोणता गळाला, कोणता नव्याने आला हे पाहावे. बाजारातील विश्लेषकही हेच करतात. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी समितीचे इतिवृत्त प्रसिद्ध होते. त्यात सहाही सदस्यांची स्वतंत्र टिपणे असल्याने एकाच आकड्याकडे पाहणारी 'हॉकिश' आणि 'डव्हिश' भाषा शेजारी शेजारी वाचावयास मिळते. 'डिसेंट', म्हणजे मतभेद नोंदवणाऱ्या सदस्याचे टिपण विशेष बोधप्रद असते.

वहीत प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहाव्यात. त्याचा नित्याचा अर्थ, पतधोरणातील अर्थ, तो ज्या वाक्यात आढळला ते वाक्य आणि त्याचे मराठी रूप. चौथा रकाना भरताना खरी कसोटी लागते. 'डिसइन्फ्लेशन'पुढे 'महागाई कमी होणे' असे लिहिले असेल तर शब्द समजलेला नाही. 'किमती वाढण्याचा वेग मंदावणे' असे लिहिले असेल तर समजला.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे रायगड जिल्ह्यातील. बँकेचे मुख्यालय १९३७ पासून मुंबईत आहे. पतधोरण मुंबईत ठरते आणि त्याचा परिणाम घरोघरच्या हिशेबावर होतो, पण त्याची मूळ भाषा इंग्रजी आहे. ती भाषा समजू लागली की गृहकर्जाचा दर बदलता ठेवावा की स्थिर, ठेव एका वर्षासाठी ठेवावी की पाच वर्षांसाठी, हे प्रश्न बँकेच्या खिडकीपलीकडील माणसाच्या सल्ल्यावरच सोडावे लागत नाहीत. पुढील निवेदनात 'स्टान्स' या शब्दापुढे कोणते विशेषण आहे, एवढे पाहण्यापासून सुरुवात करता येईल.